चाव्यांचा फळा

पहाटेची गाडी नवी दिल्लीला लागली की पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडायचं, रिक्षावाल्यांच्या गराड्यातून मान खाली घालून निसटायचं आणि मेन बाझारच्या तोंडाशी उभ्याउभ्या चहा मारायचा, हा माझा जुना नेम. मराठी माणसाला पहाडगंज तसं परकं नाही. बृहन्महाराष्ट्र भवन इथेच, नूतन मराठी शाळा इथेच आरामबागेत. कित्येकांनी दिल्ली म्हणून पहिल्यांदा पाहिली ती हीच: डोक्यावर तारांची जाळी, एका इमारतीला चिकटलेली दुसरी इमारत, आणि प्रत्येक इमारतीवर निदान तीन हॉटेलांच्या पाट्या.

या खेपेला आधी काहीच ठरवलं नव्हतं. एका गल्लीत शिरलो, दार उघडं दिसलं, आत गेलो. काउंटरवरचा मुलगा टेबलावर डोकं टेकून झोपला होता. त्याच्या मागे भिंतीवर प्लायवूडचा एक फळा. त्याला हुकांच्या चार ओळी, दर ओळीत चार हुक. कधीकाळी हुकांखाली आकडे रंगवले असावेत, आता नुसते डाग उरले होते. काही हुकांना चाव्या होत्या, बहुतेक रिकामे.

मुलगा जागा झाला. मी खोली आहे का विचारलं. त्याने वळून फळ्याकडे एक नजर टाकली, एवढंच. रजिस्टर उघडलं नाही, कॉम्प्युटर तर नव्हताच. म्हणाला, तिसऱ्या मजल्यावर दोन आहेत, रस्त्याकडची घ्या. वरून दुसऱ्या ओळीतला पहिला हुक, त्यावरची चावी काढून त्याने माझ्यापुढे सरकवली. ३०१.

जिना चढताना माझ्या डोक्यात तो फळाच होता. चावी असेल तिथे १ आणि नसेल तिथे ० लिहिलं, तर त्या पहाटे फळ्यावर हे होतं:

० ० १ ०
१ ० ० १
० ० ० ०
० १ ० ०

सोळा आकडे. यातला एकही आकडा स्वतः काही बोलत नाही. सगळे एक एकसारखे, सगळी शून्यं एकसारखी. जे काही कळतं ते जागेमुळे कळतं. तोच १ एक हुक डावीकडे सरकला तर कोणीतरी भलत्याच खोलीत शिरेल.

आडव्या ओळी आणि उभे रकाने यांत मांडलेल्या अशा आकड्यांच्या चौकटीला गणितात मॅट्रिक्स म्हणतात. बारावीच्या विज्ञान शाखेत ही भेटते, आणि बहुतेकांना ती पाहुण्यांच्या लांबच्या नातेवाइकासारखी भेटते: नाव कळतं, काम कळत नाही. एवढे आकडे मांडायचे, त्यांचा विचित्र गुणाकार करायचा, मार्क घ्यायचे, विसरायचं. मी तेच केलं होतं. पण आकडे ओळी-रकान्यांत मांडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. वाण्याची वही तशीच असते, शाळेचं हजेरीपत्रक तसंच असतं, रेल्वेचं वेळापत्रकही. नवल पुढे आहे. एक अख्खी चौकट दुसऱ्या अख्ख्या चौकटीने गुणता येते, आणि त्या गुणाकारातून जे बाहेर पडतं ते त्या दोन्ही चौकटींत कुठेच लिहिलेलं नसतं.

आधी नावाचं बघू, कारण नावात गंमत आहे. आपल्या आजोबांच्या पिढीत माणूस ‘मॅट्रिक’ होत असे. मॅट्रिक आणि मॅट्रिक्स हे शब्द खरोखरच नात्यातले आहेत. दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधला ‘मॅट्रिक्स’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ गर्भाशय, आणि त्याच्याही मागे आपल्या ‘मातृ’ची सख्खी बहीण ‘मातेर’. याच शब्दाचं लहान रूप नोंदवहीसाठी वापरात आलं आणि त्यातून मॅट्रिक्युलेशन निघालं. गणितात हा शब्द १८५० साली जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने आणला, आणि त्याच्या मनात गर्भाशयच होतं.

त्याला तसं का वाटलं? कारण लेकरं आधी आली होती आणि आई मागून सापडली. दहावीच्या मराठी माध्यमाच्या गणिताच्या पुस्तकात ‘निश्चयक’ असतो तो आठवतो का? चार आकडे चौकटीत, तिरके गुणायचे, वजाबाकी करायची, एक संख्या हाती येते, आणि मग क्रेमरच्या पद्धतीने क्ष आणि य काढायचे. हा निश्चयक जुना आहे. जपानमध्ये सेकी ताकाकाझूने १६८३ साली, जर्मनीत लायब्निट्सने १६९३ साली, एकमेकांचा पत्ता नसताना, तो शोधला होता. दीडशे वर्षं गणिती चौकटीतून एक संख्या पिळून काढत राहिले आणि चौकट फेकून देत राहिले. सिल्व्हेस्टर म्हणाला, जिच्या पोटातून हे निश्चयक जन्मतात तिलाही एक नाव हवं. म्हणून मॅट्रिक्स. हिंदीतल्या एनसीईआरटीच्या पुस्तकात तिला ‘आव्यूह’ म्हणतात. व्यूह म्हटलं की आपल्याला अभिमन्यू आठवतो, आणि बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ती आठवण अगदीच चुकीची नसते.

हेच १८५० दिल्लीच्याही गणिताचं साल आहे. पहाडगंजच्या बाजूने स्टेशनच्या पुलावर चढलात आणि सगळे सोळा फलाट ओलांडून पलीकडे उतरलात की अजमेरी गेट लागतं. तिथल्या गाजीउद्दीनच्या मदरशातून वाढलेल्या दिल्ली कॉलेजात मास्टर रामचंद्र नावाचे गणिताचे शिक्षक होते. जास्तीत जास्त आणि कमीत कमी किमती काढण्याच्या प्रश्नांवरचं त्यांचं पुस्तक १८५० साली कलकत्त्यात छापलं गेलं. ते लंडनमध्ये ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या हाती पडलं आणि त्यांनी १८५९ साली ते तिकडे पुन्हा छापवून घेतलं. हे डी मॉर्गन जन्माने मदुराईचे. आणि पोरवयात लंडनला त्यांच्याच वर्गात बसलेला एक विद्यार्थी म्हणजे सिल्व्हेस्टर. रामचंद्रांचा मॅट्रिक्सशी संबंध होता असं मी म्हणत नाही, नव्हताच. पण तो पूल चढताना मला दर वेळी हे आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

चौकटीचं मूळ याहूनही जुनं आहे. चीनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा गणिताचा एक ग्रंथ आहे, नऊ प्रकरणांचा. त्याच्या आठव्या प्रकरणात धान्याच्या पेंढ्यांचं एक गणित येतं. चांगल्या प्रतीच्या ३ पेंढ्या, मध्यम २ आणि हलकी १ मिळून ३९ मापं धान्य निघतं. चांगल्या २, मध्यम ३, हलकी १ मिळून ३४. चांगली १, मध्यम २, हलक्या ३ मिळून २६. तर प्रत्येक प्रतीच्या एका पेंढीत किती? उत्तर सव्वानऊ, सव्वाचार आणि पावणेतीन मापं. ते काढायला चिनी हिशेबनीस पाटावर चौकटी कल्पून त्यांत काड्या मांडत. कुठल्या धान्याची संख्या हे काडीवर लिहिलेलं नसे, जागेवरून कळे. मग एका रांगेतून दुसरी रांग ठराविक वेळा वजा करत जायचं, एकेक घर रिकामं करायचं, आणि शेवटी एकच अज्ञात उरलं की त्याला पकडायचं. आज कॉम्प्युटर समीकरणं सोडवतो तेव्हा मुळात हेच करतो. मुघलांच्या काळी पहाडगंजही शहराच्या तटाबाहेरची धान्याची पेठच होती, तेव्हा हे उदाहरण इथे उपरं वाटत नाही.

आता गुणाकार. तो मला पहिल्यांदा नीट कळला तो खाण्याच्या बिलावरून, म्हणून तसाच सांगतो. दुपारी माझा एक मित्र करोल बागेतून आला. चुना मंडीच्या बाजूला छोले-भटुरे खायचे हे ठरलेलं होतं, कुठल्या दुकानात यावर वाद होता. समजा, मला हवेत छोले-भटुरे १ प्लेट, लस्सी १, चहा २. त्याला हवेत छोले-भटुरे २, लस्सी नको, चहा ३. ही झाली पहिली चौकट: दोन ओळी, तीन रकाने.

१ १ २
२ ० ३

दुसऱ्या चौकटीत दोन दुकानांचे भाव. मनाने धरलेलेच आहेत, पहाडगंजच्या भावाची हमी मी देत नाही. छोले-भटुरे पहिल्याकडे ८०, दुसऱ्याकडे १००. लस्सी ६० आणि ४०. चहा १५ आणि २०.

८० १००
६० ४०
१५ २०

पहिलीची एक आडवी ओळ उचलायची आणि दुसरीच्या एका उभ्या रकान्यावर पालथी घालायची. माझी ओळ १, १, २. पहिल्या दुकानाचा रकाना ८०, ६०, १५. एक गुणिले ८०, एक गुणिले ६०, दोन गुणिले १५, सगळं मिळवून १७०. हा उत्तराच्या पहिल्या घरातला आकडा. माझी ओळ दुसऱ्या दुकानावर घातली तर १००, ४० आणि ४०, म्हणजे १८०. मित्राची ओळ तशीच फिरवली की:

१७० १८०
२०५ २६०

कोण, कुठे, किती. एका चौकटीत ‘कोणाला काय’ होतं, दुसरीत ‘काय, कुठे, कितीला’. गुणाकारात मधलं ‘काय’ गळून पडलं. छोले, लस्सी, चहा विरून गेले आणि माणसं थेट दुकानांना जोडली गेली. पहिलीचे रकाने आणि दुसरीच्या ओळी सारख्याच असायला हव्यात, हा जो नियम वर्गात घोकवून घेतात, त्याचा अर्थ एवढाच: मधली गोष्ट दोघींत एकच हवी. मी लस्सी मागितली आणि दुकानाच्या पाटीवर लस्सीच नसेल तर बिल कसं होणार?

असा तिरपागडा गुणाकार कोणी ठरवला? आर्थर केलीने, १८५८ सालच्या एका निबंधात. केली आणि सिल्व्हेस्टर हे जिवलग मित्र, आणि दोघांचीही काही वर्षं लंडनच्या वकिलीच्या वर्तुळात गेली. केलीने तर चौदा वर्षं पोटासाठी वकिली केली, दस्तऐवज लिहिले आणि उरलेल्या वेळात गणितं. त्या निबंधातलं सगळ्यात गाजलेलं प्रमेय त्याने दोन-बाय-दोनच्या चौकटीपुरतं सिद्ध केलं, तीन-बाय-तीनसाठी पडताळून पाहिलं असं सांगितलं, आणि त्यापुढे कष्ट घ्यायची गरज वाटत नाही म्हणून मोकळा झाला. परीक्षेत आपण असं लिहिलं असतं तर!

वर्षानुवर्षं गणिती लोक हा गुणाकार असाच करत आले. दोन-बाय-दोनच्या दोन चौकटी गुणायला साधे गुणाकार आठ लागतात. आठाच्या खाली काय जाणार, म्हणून कोणी शोधलंही नसावं. १९६९ साली फोल्कर स्ट्रासेन या जर्मन गणितज्ञाने ते सातात करून दाखवलं. बेरजा वाढतात, पण गुणाकार एक वाचतो, आणि मोठ्या चौकटी छोट्या चौकटींत चिरत गेलं की ती बचत चक्रवाढीने वाढते. आमच्या फळ्याएवढ्या, चार-बाय-चारच्या चौकटींना सरळ रीतीने ६४ गुणाकार लागतात, स्ट्रासेनच्या रीतीने ४९. मग ५० हून जास्त वर्षं नेहमीच्या संख्यांना चालेल आणि असं चिरतही नेता येईल असा ४८चा रस्ता काही सापडला नाही. तो २०२५ साली सापडला, तोही गूगल डीपमाइंडच्या यंत्राला. फक्त एक गुणाकार कमी, असं म्हणून हसू नये. फोनमधला फोटो उजळ करणं असो की यंत्राकडून पत्राचं भाषांतर करून घेणं असो, आत अखंड चौकटींचे गुणाकारच चाललेले असतात.

संध्याकाळी हॉटेलात परतलो तेव्हा मुलगा फळा पुसत होता. मी काउंटरवर कोपर टेकून उभा राहिलो आणि मनात एक खेळ केला. समजा ही चौकट घेतली:

० ० ० १
० ० १ ०
० १ ० ०
१ ० ० ०

हिला डावीकडे ठेवून सकाळच्या फळ्याला गुणलं, तर फळ्याच्या ओळी उलट्या होतात. वरची खाली, खालची वर. चौथा मजला पहिला झाला, पहिला चौथा झाला:

० १ ० ०
० ० ० ०
१ ० ० १
० ० १ ०

तीच चौकट उजवीकडे ठेवून गुणलं, तर मजले जागच्या जागी राहतात आणि दर मजल्यावरच्या खोल्या उलट्या होतात:

० १ ० ०
१ ० ० १
० ० ० ०
० ० १ ०

त्याच दोन चौकटी, पण आधी कोण आणि मागून कोण यावर उत्तर बदललं. लहानपणापासून आपण तीन गुणिले पाच आणि पाच गुणिले तीन एकच, असं इतकं गिळलेलं असतं की हे पाहून काही जणांना आपल्याच आकडेमोडीची शंका येते. त्या काही जणांत एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग होता. १९२५च्या जूनमध्ये, वय २३, परागकणांच्या त्रासाने नाक-डोळे सुजलेले, म्हणून तो झाडं नसलेल्या हेल्गोलंड बेटावर जाऊन राहिला. तिथे अणूचं गणित मांडताना त्याला असे गुणाकार सापडले ज्यांत क्रम बदलला की उत्तर बदलत होतं. ही गोष्ट त्याला सलत राहिली. परत आल्यावर त्याने लिहिलेलं आपल्या वरिष्ठाच्या, मॅक्स बॉर्नच्या, हाती दिलं. बॉर्नही काही दिवस अडखळला आणि मग त्याला विद्यार्थिदशेत ब्रेस्लाउला ऐकलेली व्याख्यानं आठवली: ही तर मॅट्रिक्स! हायझेनबर्गने मॅट्रिक्सचं नावही ऐकलेलं नव्हतं. क्वांटम भौतिकीचा पाया असा चाचपडत घातला गेला. कणाची जागा आधी मोजली की वेग आधी मोजला, याने फरक पडतो हे त्या अदलाबदल न होणाऱ्या गुणाकारातच दडलेलं होतं.

गुणाकाराची दुसरी एक करामत मेट्रोत बसून बघता येते. पहाडगंजचं मेट्रो स्टेशन म्हणजे रामकृष्ण आश्रम मार्ग, निळ्या मार्गिकेवरचं. त्याच्या एका बाजूला झंडेवालान, दुसऱ्या बाजूला राजीव चौक. राजीव चौकात गाडी बदलून पिवळी मार्गिका धरली की पुढचंच स्टेशन नवी दिल्ली. ही चार स्टेशनं याच क्रमाने घ्या आणि ज्या दोघांत थेट एका टप्प्याची गाडी आहे तिथे १ लिहा:

० १ ० ०
१ ० १ ०
० १ ० १
० ० १ ०

आता हिला हिनेच गुणा:

१ ० १ ०
० २ ० १
१ ० २ ०
० १ ० १

दुसऱ्या ओळीत दुसऱ्या रकान्यात २ आलेत. म्हणजे रामकृष्ण आश्रम मार्गाहून निघून दोन टप्प्यांत परत तिथेच यायच्या वाटा दोन: झंडेवालानला जाऊन परत, किंवा राजीव चौकाला जाऊन परत. पहिल्या ओळीत तिसऱ्या रकान्यात १, म्हणजे झंडेवालान ते राजीव चौक दोन टप्प्यांत एकच वाट. आपण चौकटीत फक्त शेजार लिहिले होते, वाटा लिहिल्याच नव्हत्या. तिने त्या स्वतः मोजल्या. आणखी एकदा गुणा, तीन टप्प्यांच्या वाटा येतील. चार स्टेशनांना हे बोटावर मोजता येतं, पण मेट्रोच्या पूर्ण नकाशाला बोटं पुरत नाहीत आणि गुणाकाराची रीत मात्र तीच राहते.

इथवर आलो की वाटायला लागतं, शेजार लिहून द्यावेत आणि गुणाकार करत जावं, जाळ्याबद्दल सगळं कळेल. हा समज कुठे फसतो ते एका मराठी माणसाने दाखवलं, आणि त्याने निवडलेली चौकट नेमकी आमच्या फळ्याची होती. चार बाय चार.

शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७चा, सागरचा. शिक्षण नागपूरला, पुढे अमेरिकेत चॅपेल हिलला राजचंद्र बोस यांच्याकडे १९५० साली डॉक्टरेट. हे बोस तरुणपणी दिल्लीतच, हिंदू कॉलेजात शिकलेले. १९५९ साली बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी लिओनार्ड ऑयलरचं १७८२ सालचं एक भाकीत खोटं पाडलं. ते चौकटींचंच कोडं होतं: सहा पलटणी, सहा हुद्दे, ३६ अधिकारी, असे उभे करायचे की कुठल्याही ओळीत आणि रकान्यात ना पलटण पुन्हा यावी ना हुद्दा. सहाला जमत नाही, दहालाही जमणार नाही, चौदालाही नाही, असं ऑयलर म्हणाला होता. सहाचं त्याचं बरोबर निघालं, बाकी सगळं चुकलं. ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली होती. पुढे श्रीखंडे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले, २०२० साली १०२ वर्षांचे होऊन गेले, आणि ज्या मुंबईत त्यांनी एवढी वर्षं काढली तिथल्या किती लोकांना हे नाव ओळखीचं आहे हा प्रश्न मी विचारत नाही.

त्याच १९५९ सालचं त्यांचं दुसरं काम मला जास्त आवडतं. ते हॉटेलातच समजून घेऊ. सोळा खोल्या, चार मजले, दर मजल्यावर चार. प्रत्येक खोलीतून काही खोल्यांना थेट बेल जोडायची आहे. एक तारकाम करणारा म्हणतो: आपल्या मजल्यावरच्या बाकीच्या तिन्ही खोल्यांना, आणि आपल्या बरोबर वरखाली येणाऱ्या तिन्ही खोल्यांना. माझ्या ३०१मधून ३०२, ३०३, ३०४ आणि १०१, २०१, ४०१. एकूण सहा.

दुसरा तारकाम करणारा जरा विक्षिप्त आहे. तो म्हणतो: डावी-उजवी खोली, वरची-खालची खोली, आणि तिरक्या दोन: उजवीकडून एक वर आणि डावीकडून एक खाली. कडेला संपलं तर फिरून पहिल्यापासून, म्हणजे चौथ्या खोलीनंतर पहिली, चौथ्या मजल्यानंतर पहिला. माझ्या ३०१मधून ३०२ आणि ३०४, ४०१ आणि २०१, ४०२ आणि २०४. याच्याही सहाच.

आता दोन्ही हॉटेलांच्या शेजारांच्या चौकटी मांडा, सोळा ओळी आणि सोळा रकान्यांच्या. स्वतःनेच गुणा. दोन्हीकडे तोच नमुना येतो: स्वतःकडे परत यायच्या सहा वाटा, आणि दुसऱ्या कुठल्याही खोलीकडे, मग तिथे थेट बेल असो वा नसो, बरोबर दोन. तिसऱ्यांदा गुणा. थेट बेल असलेल्या खोलीकडे १६ वाटा, बाकी सगळीकडे १२, दोन्हीकडे तेच. कितीही वेळा गुणा, दोन्ही हॉटेलं एकाच सुरात उत्तरं देतात. प्रत्येक चौकटीच्या पोटात काही खास संख्या असतात, तिचा जणू ठसाच, त्यांना आयगेनव्हॅल्यू म्हणतात. त्या काढल्या तर तिथेही फरक नाही: ६ एकदा, २ सहा वेळा, उणे २ नऊ वेळा.

आणि तरीही ही दोन हॉटेलं एक नाहीत. पहिल्या हॉटेलात माझ्या सहा शेजाऱ्यांच्या दोन टोळ्या पडतात. ३०२, ३०३, ३०४ यांचं आपसात मेतकूट. १०१, २०१, ४०१ यांचं आपसात. आणि एका टोळीतून दुसरीत एकही तार नाही. दुसऱ्या हॉटेलात मात्र तेच सहा शेजारी फेर धरतात: ३०२ जोडलेली ४०२ला, ती ४०१ला, ती ३०४ला, ती २०४ला, ती २०१ला, आणि २०१ पुन्हा ३०२ला. बोट फिरवून बघा, फेर पुरा होतो. दोन्हीकडे प्रत्येक शेजाऱ्याला उरलेल्या शेजाऱ्यांतले दोनच ओळखीचे आहेत, त्यामुळे मोजणाऱ्याला संशय येत नाही. पण पहिल्या हॉटेलात अख्खा मजला, चारच्या चार खोल्या, एकमेकींना जोडलेला आहे. दुसऱ्या हॉटेलात अशा चार खोल्या शोधून सापडत नाहीत.

या दुसऱ्या जाळ्याला जगभर श्रीखंडे ग्राफ म्हणतात. श्रीखंडे यांनी नुसतं हे उदाहरण दिलं नाही, त्याची हद्दही आखली. ओळी-रकान्यांच्या जाळ्याची ही मोजदाद जमवणारं दुसरं जाळं फक्त चार-बाय-चारलाच असतं, आणि तेही एकच. पाच मजले, दर मजल्यावर पाच खोल्या असं हॉटेल बांधलं असतं तर तोतया उभाच राहिला नसता. तीनला नाही, सहाला नाही, शंभरालाही नाही. फक्त चारला. का फक्त चारला, याची सिद्धता मी वाचली आहे, एकेक पायरी पटलीही आहे, आणि तरी रात्री पंख्याच्या खाली पडल्यापडल्या वाटत राहिलं की हे काहीतरी अतिच आहे.

सकाळी लवकर निघायचं होतं. खाली आलो तर मुलगा आत चहा ओतत होता. त्याला कशाला बोलवा म्हणून मी स्वतःच काउंटरच्या आत हात घातला आणि चावी फळ्याला अडकवली. तिसरा मजला, पहिली खोली. तिसरी ओळ, पहिला हुक. पाठ्यपुस्तकात मॅट्रिक्सच्या ओळी वरून मोजतात.

तो कप घेऊन बाहेर आला, फळ्याकडे बघितलं, चावी काढली आणि एक हुक वर लावली.

“वरून नाही, भाईसाहब,” तो म्हणाला, “मजले खालून मोजायचे असतात.”